उसाच्या पानावरची परिसंस्था गणितात कशी मांडायची

प्रोजेक्टचे विषय ठरायची वेळ आली की प्राणिशास्त्राचं कुणीतरी आमच्या गणित विभागात येतं आणि विचारतं, "मॅडम, प्रजाती जितक्या जास्त तितकी परिसंस्था स्थिर, हे मॉडेलने दाखवता येईल ना?" मी आधी कोरा कागद पुढे करते, कॉम्प्युटर नंतर. प्रजाती किती, हा प्रश्न शेवटी घ्यायचा. कोण कुणाला खातं आणि संख्या वाढली की कुणाला स्वतःचीच अडचण होते, हे आधी लिहायचं. स्थैर्य ठरतं ते तिथे. बारावीचं कॅलक्युलस आणि निश्चयक काढणं एवढं येत असेल तर पुढचं सगळं तुम्हाला जमेल.

उदाहरण आमच्याच भागातलं घेते. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता शेजारच्या जिल्ह्यांत आणि कर्नाटकात पसरला. पान उलटं केलं की मधल्या शिरेच्या कडेने पांढऱ्या मेणाची लोकर, तिच्याखाली रस शोषणारी किडींची गर्दी. वरच्या पानावरून गळणाऱ्या चिकट स्रावावर खालची पानं काळ्या बुरशीने माखायची. नीट निरखून पाहिलं तर त्या लोकरीतच रेशमी जाळं करून बसलेली एक अळीही दिसायची: डिफा, जिला आधी कोनोबाथ्रा म्हणत. पतंगाची अळी असूनही ती पान न खाता मावा खाते. दुसरा खाणारा मायक्रोमस, जाळीदार पंखांचा एक छोटा कीटक. शेतकरी या सगळ्यांना मिळून मित्रकीटक म्हणतात.

आमचे भाऊजी तेव्हा म्हणायचे, "वहिनी, औषध मारलं की चार दिस गप बसतोय, मग पहिल्यापेक्षा जोरात येतोय." मॉडेलचा प्रश्न असा असावा लागतो. ‘लोकरी माव्याच्या परिसंस्थेचा अभ्यास’ हा प्रश्न होत नाही. ‘मावा आणि डिफा दोघांनाही मारणारी फवारणी चालू ठेवली तर मावा कमी होईल की जास्त?’ हा प्रश्न आहे, कारण त्याला एका शब्दात उत्तर आहे.

या विद्येची सुरुवातही अशाच एका नेमक्या प्रश्नातून झाली. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी जवळजवळ थांबली होती. फियुमे बंदराच्या, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेकाच्या, बाजारातल्या नोंदी उम्बेर्तो डी'आन्कोना हा प्राणिशास्त्रज्ञ चाळत होता. शार्क आणि त्यांच्या जातीच्या शिकारी माशांचं प्रमाण १९१४ मध्ये ११.९ टक्के होतं, १९१८ मध्ये ३६.४ टक्के, आणि १९२३ पर्यंत पुन्हा १०.७ टक्के. मासेमारी थांबली तर सगळ्यांचाच फायदा व्हायला हवा, मग शिकाऱ्यांचाच इतका का? त्याने हे गणितज्ञ व्हितो व्होल्तेराला विचारलं आणि १९२६ मध्ये व्होल्तेराची समीकरणं आली. अमेरिकेत आल्फ्रेड लोटकाने तशीच समीकरणं स्वतंत्रपणे १९२५ मध्ये मांडली होती.

चिन्हं आधी

पहिल्या फेरीत फक्त दोन नावं घ्या: मावा (म) आणि डिफा (ड). दोन बाय दोनचा चौकोन आखा. वर ‘कुणाचा परिणाम’, डावीकडे ‘कुणावर’. माव्याचा डिफावर परिणाम अधिक, डिफाचा माव्यावर उणे. आता कर्णावरच्या दोन जागा, म्हणजे प्रत्येकाचा स्वतःवरचा परिणाम. विद्यार्थी या जागा रिकाम्या सोडतात आणि खरी किल्ली तिथेच असते. मावा वाढत गेला तर पानावर जागा संपते, रस कमी पडतो, म्हणून तिथे उणे. डिफाची संख्या डिफामुळेच अडते का? तूर्त नाही म्हणूया, शून्य.

आता समीकरणं. माव्याची संख्या पानामागे शेकड्यांत, डिफाची पानामागे अळ्यांत, काळ आठवड्यांत. खालचे आकडे शेतातले नाहीत, हिशेब हाताने करता यावा म्हणून मी घेतलेले आहेत.

म वाढण्याचा वेग = म × (१ − म/२० − ०.५ × ड)
ड वाढण्याचा वेग = ड × (०.१ × म − ०.४)

म्हणजे मावा मोकळा सोडला तर आठवड्याला १ या दराने वाढतो आणि २० शेकड्यांवर थांबतो. खायला काही नसेल तर डिफा ०.४ या दराने मरतो. प्रत्येक आकड्याचं एकक बाजूला लिहून ठेवा. आठवडा आणि दिवस यांची सरमिसळ झाली तर पुढचं सगळं वाया जातं.

समतोल बिंदू म्हणजे दोन्ही वेग शून्य. दुसऱ्या कंसातून म = ४, मग पहिल्यातून ड = १.६. दोन्ही धन आले का, ते बघा. एखादी संख्या उणे आली तर तो समतोल शेतात असूच शकत नाही आणि त्याच्या स्थैर्याची चर्चा करण्यात अर्थ नाही. मोठ्या मॉडेलांत ही साधी तपासणी सर्रास राहून जाते.

मग जेकोबियन, म्हणजे समतोलाच्या आसपास कोण कुणाला किती ढकलतं त्याचा चौकोन:

−०.२  −२
०.१६  ०

कर्णाची बेरीज −०.२, निश्चयक ०.३२. दोन प्रजातींसाठी नियम सोपा आहे: बेरीज उणे आणि निश्चयक धन असेल तर समतोल स्थिर. इथे तसंच आहे. आयगेनमूल्यं, म्हणजे धक्का किती वेगाने विरतो किंवा वाढतो ते सांगणाऱ्या या चौकोनाच्या संख्या, काढली तर वास्तव भाग −०.१ आणि काल्पनिक भाग ०.५५७ येतो. त्याचा शेतातला अर्थ असा: एकदा धक्का दिला तर दोघांच्या संख्या साधारण ११ आठवड्यांच्या फेऱ्याने वरखाली होतील आणि चढउताराची उंची साधारण ७ आठवड्यांत निम्मी होईल. आता कर्णावरचं ते −०.२ पुसून शून्य करा. बेरीज शून्य झाली, चढउतार कधीच विरत नाहीत. सगळं स्थैर्य माव्याच्या स्वतःच्या अडचणीवर उभं होतं.

एक्सेलमध्ये उतरवताना

तीन रकाने करा: काळ, म, ड. पुढची ओळ = आधीची किंमत + पायरी × वेग. पायरी म्हणजे दोन ओळींमधला काळ. याला ऑयलरची पद्धत म्हणतात. आता सावध राहा. पायरी १ आठवड्याची घेतलीत तर आलेखात चढउतार वाढत जाताना दिसतील आणि तुम्ही ‘प्रणाली अस्थिर आहे’ असं लिहून मोकळे व्हाल. ही अस्थिरता डिफाची किंवा माव्याची नाही, पायरीची आहे. हिशेब करून बघा: दर पायरीला चढउताराच्या उंचीचा वर्ग १ − ०.२ × पायरी + ०.३२ × पायरीचा वर्ग इतक्या पटीने बदलतो. पायरी १ असेल तर हा गुणक १.१२, म्हणजे वाढ. गुणक १ च्या खाली राहायला पायरी ०.६२५ पेक्षा लहान हवी, आणि खऱ्या उत्तराच्या जवळ जायला बरीच लहान. मी ०.०५ घ्यायला सांगते, मग ०.०२५ घेऊन आलेख जागचा हलत नाही ना, ते पाहायला लावते. हलला तर पायरी अजून बारीक करा किंवा रुंगे-कुट्टा ही जास्त अचूक पद्धत वापरा. पायरी निम्मी करून न पाहिलेला आलेख मी प्रोजेक्टमध्ये घेऊ देत नाही.

आता भाऊजींचा प्रश्न. फवारणी दोघांनाही सारख्या दराने मारते असं धरा. हा दर फ. माव्याच्या कंसातून फ वजा, डिफाच्याही कंसातून फ वजा. समतोल पुन्हा काढा. फ = ०.२ घेतलं तर म = ०.६/०.१ = ६ आणि ड = (०.८ − ०.३)/०.५ = १. फवारणी चालू ठेवून मावा ४ वरून ६ वर गेला आणि डिफा १.६ वरून १ वर आला.

इथे थांबून याचं कारण कागदावर बोट ठेवून शोधा. माव्याचा समतोल माव्याच्या समीकरणातून आलेला नाही, तो डिफाच्या समीकरणातून आला. डिफा टिकायला किती मावा लागतो, तेवढा मावा पानावर राहतो. फवारणीने डिफाचं मरण वाढलं, म्हणून त्याला टिकायला जास्त मावा लागू लागला. व्होल्तेराला एड्रियाटिकच्या कोड्याचं हेच उत्तर सापडलं होतं, फक्त उलट बाजूने: मासेमारी दोघांनाही मारते, ती थांबली तर शिकारी वाढतो आणि शिकार घटते. कॅलिफोर्नियाच्या संत्राबागांतही हे घडलं. तिथल्या कापशी खवले किडीला १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वेडालिया भुंगेऱ्याने आवरलं होतं, आणि पुढे डीडीटीच्या फवारण्यांनी तो भुंगेरा मेल्यावर कीड पुन्हा उसळली.

आणखी पुढे जाऊ. फ वाढवत नेलं तर ०.५३३ ला डिफा संपतो. तेव्हा मावा ९.३३ वर असतो. त्यानंतर मात्र फवारणीने मावा खरंच घटू लागतो, पण मूळच्या ४ वर यायला फ = ०.८ लागतं. म्हणजे शून्य ते ०.८ या सगळ्या पट्ट्यात फवारणारा शेतकरी न फवारणाऱ्यापेक्षा वाईट स्थितीत आहे, आणि ०.८ ला पोचल्यावर तो फुकट काम करणारा मित्रकीटक गमावून, पैसे घालून, पूर्वीच्याच जागी येतो. हा आलेख काढा: आडवा अक्ष फ, उभा म. तो आधी चढतो, मग उतरतो. माझ्या मते सगळ्या प्रोजेक्टमध्ये हा एक आलेख नीट समजावून सांगता आला तरी पुरे.

एक फरक लक्षात ठेवा. एकदाच फवारून सोडून देणं हा धक्का आहे, त्याचं उत्तर आयगेनमूल्यं देतात. दर आठवड्याला फवारत राहणं हा कायमचा दाब आहे, त्याचं उत्तर नव्या समतोलात मिळतं. ‘स्थिर आहे’ एवढं म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्यासारखं होत नाही.

तिसरा आला की

मायक्रोमस घाला. त्यालाही डिफासारखंच समीकरण दिलंत, कर्णावर शून्य ठेवून, तर तीन बाय तीनच्या चौकोनाची दुसरी आणि तिसरी ओळ एकमेकींच्या पटीत येते आणि निश्चयक शून्य होतो. हे गणित काय सांगतंय? डिफाला टिकायला एक ठराविक मावा लागतो, मायक्रोमसला दुसरा. दोन्ही एकाच वेळी खरे होऊ शकत नाहीत. ज्याचं कमी माव्यात भागतं तो राहतो, दुसरा जातो. शेतात मात्र दोघे एकाच वेळी दिसतात. तेव्हा मॉडेलमध्ये काहीतरी सुटलंय. पुन्हा शेतात जा आणि बघा: दोघे वेगवेगळ्या हंगामात जोर धरतात का, एक दाट वसाहतीत आणि दुसरा विरळ वसाहतीत खातो का, दाटी झाली की अळ्या एकमेकींना खातात का. शून्य निश्चयक आला म्हणून वैतागू नका, काय मोजायचं राहिलंय ते तो दाखवतो.

दाटीचा त्रास दोघांनाही आहे असं धरून कर्णावर −०.१ घाला. डिफाचे आकडे तेच ठेवा, मायक्रोमसचे सोयीचे घ्या:

−०.२  −२  −१
०.१६  −०.१  ०
०.१  ०  −०.१

तीन प्रजातींसाठी राऊथ-हुर्विट्झची अट वापरा. कर्णाच्या बेरजेचं चिन्ह बदलून ०.४, कर्णावर बसणाऱ्या दोन बाय दोनच्या तिन्ही निश्चयकांची बेरीज ०.४७, पूर्ण निश्चयकाचं चिन्ह बदलून ०.०४४. तिन्ही धन हवेत, आणि पहिल्या दोघांचा गुणाकार (०.१८८) तिसऱ्यापेक्षा मोठा हवा. आहे. स्थिर.

आता प्रयोगशाळेत वाढवलेले मायक्रोमस शेतात सोडत राहिलो तर? या चौकोनाचा व्यस्त काढून चिन्ह बदला आणि तिसरा स्तंभ वाचा: मावा −२.२७, डिफा −३.६४, मायक्रोमस +७.७३. डिफाच्या आणि मायक्रोमसच्या मध्ये थेट काहीच नव्हतं, चौकोनात तिथे शून्य आहे, तरीही मायक्रोमस सोडल्यावर डिफाच कमी झाला. मावा वाटून घेतल्याचा हा परिणाम. हे आकडे छोट्या दाबापुरतेच खरे असतात, म्हणून त्यांच्या किमतीपेक्षा चिन्हं वाचा.

आकडे आणायचे कसे, हे थोडक्यात. माव्याचा मोकळा वाढीचा दर: काही पानांना बारीक जाळी बांधून मित्रकीटक बाहेर ठेवा, पानाचा ठराविक चौकोन आखून दर काही दिवसांनी मोजा, संख्येचा लॉगॅरिदम काळासमोर मांडा, सुरुवातीच्या सरळ रेषेचा उतार म्हणजे दर. खाण्याचा दर: पेट्री डिशमध्ये मोजून मावा ठेवा, एक अळी सोडा, २४ तासांनी उरलेला मोजा. हे वेगवेगळ्या संख्यांनी करा, कारण पोट भरलं की अळी थांबते आणि ‘जितका मावा तितकं खाणं’ हे गृहीतक तुटतं. खाण्याला अशी मर्यादा घातली की आणखी एक गोष्ट बदलते. १९७१ मध्ये मायकेल रोझेन्झवाइगने दाखवलं की अशा मॉडेलमध्ये शिकारीसाठी अन्न वाढवलं तर समतोल मोडून मोठे चढउतार सुरू होऊ शकतात. नत्राचा मारा केलेल्या उसाचा विचार करताना हे समोर ठेवा.

आता पन्नास प्रजाती

१९५० च्या दशकात रॉबर्ट मॅकार्थर आणि चार्ल्स एल्टन यांच्यासारख्या परिसंस्थाशास्त्रज्ञांचा कल असा होता की गुंतागुंत वाढली की स्थैर्य वाढतं. १९७० मध्ये गार्डनर आणि अ‍ॅशबी यांनी कॉम्प्युटरवर यादृच्छिक जाळी तपासून वेगळंच काही दाखवलं, आणि १९७२ मध्ये रॉबर्ट मे या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने, जो मुळात भौतिकशास्त्राचा होता, ‘नेचर’मध्ये त्याची अट लिहिली: (प्रजातींची संख्या × जोडणीचं प्रमाण) याचं वर्गमूळ घेऊन त्याला आंतरक्रियेच्या सरासरी ताकदीने गुणलं तर उत्तर १ पेक्षा कमी हवं. जोडणीचं प्रमाण म्हणजे शक्य असलेल्या जोड्यांपैकी किती जोड्यांत खरोखर आंतरक्रिया आहे. कर्णावर सगळीकडे −१ धरून.

हे स्वतः करा. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिची नमपाय ही गणिताची लायब्ररी पुरेशी आहे. प्रजाती २५, जोडणी ०.२, ताकद ०.४ (शून्य मध्य असलेल्या प्रसामान्य वितरणाचं प्रमाण विचलन). वर्गमूळ २.२३६, गुणाकार ०.८९: बहुतेक वेळा स्थिर. प्रजाती ५० केल्या की गुणाकार १.२६: अस्थिर. प्रत्येक वेळी अशी शेकडो मॅट्रिक्स, म्हणजे आपले चौकोनच, बनवा आणि सर्वांत उजवीकडच्या आयगेनमूल्याचा वास्तव भाग किती वेळा उणे येतो ते मोजा. प्रजाती कमी असताना सीमा धूसर असते, एकाच मॅट्रिक्सवरून निष्कर्ष काढू नका.

पुष्कळ विद्यार्थी इथे थांबतात आणि ‘जास्त प्रजाती म्हणजे अस्थिरता’ असं लिहितात. ते मला पटत नाही, कारण मेच्या मॅट्रिक्समध्ये चिन्हं नशिबाने पडलेली असतात आणि उसाच्या पानावर ती तशी नसतात. एक खातो, दुसरा खाल्ला जातो, म्हणून प्रत्येक जोडीत एक अधिक आणि एक उणे असतं. तुमच्या कोडमध्ये तेवढाच बदल करा. स्टेफानो अल्लेसिना आणि सी तांग यांनी २०१२ मध्ये दाखवलं की मोठ्या जाळ्यात असं केलं की मेच्या अटीतल्या गुणाकाराला (१ − २/π), म्हणजे सुमारे ०.३६ ने गुणायचं. तीच ५० प्रजातींची प्रणाली १.२६ वरून ०.४६ वर येते आणि स्थिर होते. उलट जोड्यांमध्ये चिन्हं सारखी ठेवली, निम्म्या जोड्या परस्पर मदतीच्या आणि निम्म्या स्पर्धेच्या, तर गुणक १.६४ आणि उत्तर २.०७: जास्तच अस्थिर. प्रजाती त्याच, जोडण्या त्याच, ताकद तीच. फक्त चिन्हांची मांडणी बदलली.

म्हणून मी पहिल्याच दिवशी चिन्हांचा चौकोन काढायला लावते.

शेवटची पायरी खडतर आहे आणि ती टाळू नका. प्रत्येक आकडा एकेक करून २० टक्के वर आणि २० टक्के खाली न्या, समतोल, स्थैर्य आणि दाबाची चिन्हं पुन्हा काढा. ज्या आकड्याने चिन्ह पलटतं त्याच्यासमोर खूण करा. तुमच्या पुढच्या शेतफेरीत मोजायचा तो आकडा. अहवालात हा तक्ता पहिल्या प्रकरणातच द्या, परिशिष्टात नको.

पुढे चौथी ओळ घालायची असेल तर एन्कार्सिया घ्या, माव्याच्या अंगात अंडी घालणारी परोपजीवी गांधीलमाशी, जी लोकरी माव्यासाठीही वापरली गेली. तिच्या ओळीत एक वेगळी गोष्ट आहे: अंडी पडलेला मावा मायक्रोमसने खाल्ला तर आतली अळीही जाते, म्हणून मायक्रोमसकडून तिच्याकडे जाणारी जागा शून्य नाही, उणे आहे. व्यस्त काढण्याआधी, मायक्रोमस सोडल्यावर माव्याचं चिन्ह काय येईल असं तुम्हाला वाटतं, ते कागदावर तारीख घालून लिहा. मग कॉम्प्युटर चालू करा.